मोडी अक्षरवळण प्रकल्प: चित्र आणि ॲनिमेशन फाइलींच्या तुलनेच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

मोडी शिकणाऱ्यांसाठी संकेतस्थळावर दोन प्रकारचे साहित्य ठेवायचे आहे. एका कुटुंबाने अभ्यासासाठी दिलेल्या ४० जुन्या कागदांच्या प्रतिमा, आणि प्रत्येक अक्षर बोरूने कसे वळवले जाते ते दाखवणारी हलती चित्रे. मोडीत शिरोरेषा आधी पानभर ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरे शक्यतो हात न उचलता एकापुढे एक लिहीत जातात. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हेही नसतात. त्यामुळे छापील तक्ता पाठ असलेला विद्यार्थी प्रत्यक्ष कागदासमोर अडतो, कारण हात कुठून आला आणि कुठे वळला हे त्याला तक्त्यात कधी दिसलेले नसते. मोडीला २०१४ साली युनिकोड या संगणकीय अक्षरसूचीच्या ७.० आवृत्तीत स्थान मिळाले, पण युनिकोडमुळे अक्षर टंकता येते. एका विशिष्ट कारकुनाचा हात त्यातून उमटत नाही. तो हात चित्रातूनच दाखवावा लागतो.

म्हणून काम सुरू करण्याआधी फॉरमॅटची तुलना करून निर्णय लेखी ठेवायचे ठरले. कसोटी एकच धरली आहे. आमच्या गटात मोडी शिकवणाऱ्या बाईंना मूळ कागदावर जे वाचता येते, ते पडद्यावरच्या प्रतीतही वाचता आले पाहिजे.

८ ऑक्टोबर २०२५, बुधवार

आज स्कॅनिंगचे माप ठरवले. साधारण कागद ८ इंच रुंद आणि १२ इंच उंच आहे. ४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ४०० ठिपके धरून, त्याचे ३२०० गुणिले ४८०० पिक्सेल होतात, म्हणजे १ कोटी ५३ लाख ६० हजार. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे ३ बाइट धरले तर एका कागदाची कच्ची माहिती सुमारे ४६ एमबी भरते आणि ४० कागदांची १.८४ जीबी. आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने हा आकडा किरकोळ आहे, त्यामुळे मूळ प्रतीत काटकसर करण्याचे कोणतेही कारण उरत नाही.

मूळ प्रत टिफमध्ये ठेवायची. ऑल्डस कंपनीने १९८६ साली आणलेल्या या फॉरमॅटची ६.० ही आवृत्ती १९९२ ची आहे आणि आजही तीच पाया मानली जाते. जतनाच्या कामात इतकी वर्षे न हललेली गोष्ट मोलाची असते. मात्र एक सावधगिरी नोंदवून ठेवतो. टिफ ही खरे तर पेटी आहे आणि तिच्या आत माहिती कोणत्या पद्धतीने भरली आहे हे नावावरून कळत नाही. बिनकॉम्प्रेशनची, म्हणजे न दाबलेली माहिती, हानी न करता ती दाबणाऱ्या एलझेडडब्ल्यू आणि झिप या पद्धती, आणि अगदी बारकावे गाळणारे जेपेगसुद्धा त्याच पेटीत बसते. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लहान फाइल’ हा पर्याय निवडला असता आतून जेपेग निघाले. यापुढे प्रत्येक फाइलचा कॉम्प्रेशनचा प्रकार तपासूनच ती मूळ प्रत म्हणून स्वीकारायची.

१० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

आजचा दिवस एका जुन्या सीडीने घेतला. याच कुटुंबाने काही वर्षांपूर्वी हे कागद एका दुकानातून स्कॅन करून घेतले होते. त्या जेपेग फाइली आधी आडव्या आल्या म्हणून फिरवल्या, मग काळपट दिसतात म्हणून उजळल्या, मग कडा कापल्या, आणि दर वेळी त्याच फाइलवर पुन्हा सेव्ह केल्या गेल्या. पानभर दुरून पाहिले तर काही वावगे वाटत नाही.

बाईंनी तिसऱ्या ओळीतील एक जागा दाखवली. तिथे अनुस्वाराचा ठिपका आहे की कागदावरचा डाग, हे जुन्या फाइलवरून त्यांना ठरवता येईना. तीच जागा नव्या टिफमध्ये ४०० टक्के मोठी करून पाहिली, तेव्हा मध्ये काळाभोर ठिपका आणि त्याभोवती शाई कागदात मुरल्याची बारीक तपकिरी कड स्पष्ट दिसली. शेजारच्या डागाला अशी कड नाही. जुन्या जेपेगमध्ये दोन्हींचा एकच करडा लपका झाला होता आणि अक्षरांच्या कडेने मुंग्या फिराव्यात तसे बारीक ठिपके पसरले होते. खालच्या ओळीतील एका अक्षराची गाठ तर आतून पूर्ण भरून आली होती, आणि मोडीत गाठ मोकळी आहे की बुजलेली यावर वाचन फिरू शकते.

असे होण्याचे कारण जेपेगच्या रचनेत आहे. १९९२ साली ठरलेले हे मानक छायाचित्रांसाठी बेतलेले आहे. ते चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनातील उजेडाचा चढउतार लहानमोठ्या लहरींच्या बेरजेत मांडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणाऱ्या बारीक लहरी ढोबळ करून टाकते. आकाश, चेहरा, झाडी यांत हे खपून जाते. बोरूच्या फटकाऱ्याची धारदार कड मात्र त्या बारीक लहरींवरच उभी असते. त्या गेल्या की कडेचा तोल जातो आणि त्याचे तरंग आजूबाजूच्या कोऱ्या कागदावर उमटतात. त्यात चौकोन सरकेल असे काही केले आणि पुन्हा सेव्ह केले की नवी हानी जुनीवर चढते.

जुन्या जेपेग फाइली टाकून द्यायच्या नाहीत, कारण दोन कागदांचे कोपरे मधल्या काळात फाटले आहेत आणि ते फक्त त्या सीडीवर शिल्लक आहेत. या फाइली फिरवायच्या झाल्या तर जेपेगट्रानसारख्या साधनाने फिरवायच्या. लांबी-रुंदी चौकोनांच्या पटीत बसत असेल तर ते साधन चित्र न उलगडता फक्त चौकोनांची मांडणी बदलते आणि नवी हानी होत नाही.

१३ ऑक्टोबर २०२५, सोमवार

काळी शाई आणि फिकट कागद एवढेच असेल तर दोन रंगांत स्कॅन का करू नये, अशी सूचना आली. प्रत्येक पिक्सेलला १ बिट धरला तर तोच कागद २ एमबीपेक्षा कमी जागेत बसतो. सूचना नाकारली. त्याचे एक कारण शुक्रवारच्या ठिपक्याने दिलेच आहे: तपकिरी कड गेली असती तर डाग आणि अनुस्वार वेगळे करता आले नसते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. दोन रंगांच्या पानांसाठी वापरली जाणारी जेबीआयजी-२ ही पद्धत सारखे दिसणारे आकार शोधून त्यांच्या जागी एकच नमुना वापरू शकते. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की, एका नामांकित कंपनीची स्कॅनर यंत्रे या पद्धतीमुळे कागदावरील आकडेच बदलत होती, आणि ६ च्या जागी ८ अगदी स्वच्छ छापून येत होता. जेपेगची हानी निदान डोळ्यांना दिसते. इथे चूक नीटनेटकी असते म्हणून कोणी शंकाच घेत नाही. आपल्या बाळबोध लिपीत घ आणि ध, किंवा भ आणि म यांच्यात केवढासा फरक असतो! मोडीत तर जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची वेगळी यादीच शिकवावी लागते. पीडीएफ बनवताना हा पर्याय बंद आहे याची खात्री प्रत्येक वेळी करायची.

१५ ऑक्टोबर २०२५, बुधवार

अक्षरतक्ते आणि बाईंनी लाल रेघांनी खुणा केलेली पाने यांसाठी हानी न करणारे पीएनजी निश्चित केले. लाल रेघांचे उदाहरण मुद्दाम करून पाहिले. जेपेग आणि हानी करणारे वेबपी (संकेतस्थळांसाठीचा एक नवा चित्र-फॉरमॅट) या दोन्हींत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने ठेवली जाते. जेपेगमध्ये ते सेटिंगवर अवलंबून असते, हानी करणाऱ्या वेबपीमध्ये ते नेहमीच तसे असते. परिणामी २ पिक्सेल जाडीची लाल रेघ फिकट तपकिरी झाली आणि तिचा रंग शेजारच्या शाईत उतरला. पीएनजीत रेघ जशीच्या तशी राहिली.

तक्त्यांसाठी १६ रंगांची सूची पुरते, कारण कागदी पार्श्वभूमी, काळी शाई, खुणेचा लाल रंग आणि यांच्यामधल्या कडांच्या छटा एवढेच त्यात असते. अशा वेळी प्रत्येक पिक्सेलला ४ बिट लागतात आणि सपाट रंगामुळे कॉम्प्रेशनही उत्तम होते. याउलट जुन्या कागदाचा पूर्ण स्कॅन पीएनजीत ठेवला तर फाइल टिफच्या जवळपास जाते, कारण कागदाचा प्रत्येक तंतू आणि डाग तिला इमाने जपावा लागतो. हा पीएनजीचा दोष मानू नये.

१७ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

वाचकाच्या फोनवर ४६ एमबीचा कागद पाठवता येत नाही, म्हणून पाहण्याच्या प्रतीसाठी वेबपी आणि एव्हीआयएफ तपासले. गुगलने २०१० साली आणलेले वेबपी व्हीपी-८ या व्हिडिओ पद्धतीतून निघाले आहे, तर २०१९ साली निश्चित झालेले एव्हीआयएफ एव्ही-१ मधून. डोळ्याला सारख्याच दिसणाऱ्या प्रतींमध्ये जेपेग सर्वांत मोठे, वेबपी मधले आणि एव्हीआयएफ सर्वांत लहान, असाच क्रम आमच्या बहुतेक पानांना लागला.

पण ‘डोळ्याला सारखे’ हे शब्द इथे जपून वापरायला हवेत. गुणवत्ता खूप उतरवली की जेपेग चौकोनी भेगा दाखवून स्वतःची चूक उघड करते. एव्हीआयएफ मात्र कागद गुळगुळीत करते आणि पान उलट अधिक स्वच्छ वाटू लागते. एका पानाच्या शेवटच्या ओळीत शाई संपत आलेली असून अक्षरे फक्त खरवडल्यासारखी उरली आहेत. कमी गुणवत्तेच्या एव्हीआयएफमध्ये त्यातील दोन अक्षरे कागदाच्या पोताबरोबर पुसली गेली आणि तिथे कधी काही लिहिलेच नव्हते असे दिसू लागले. बाईंनी ती प्रत पाहून “इथे पान संपले” असे सांगितले, तेव्हा आम्ही सगळेच सावध झालो. गुणवत्ता वाढवल्यावर आणि रंगाची पूर्ण माहिती ठेवण्याचा ४:४:४ हा पर्याय निवडल्यावर अक्षरे परत दिसली, आणि फाइल तरीही जेपेगपेक्षा लहान राहिली. पाहण्याची प्रत कोणतीही असो, प्रत्येक पानाची सर्वांत फिकी ओळ बाईंनी तपासल्याखेरीज ती संकेतस्थळावर जाणार नाही.

आणखी एक अडचण. पाच बंद, म्हणजे कागदाचे ताव, एकाखाली एक चिकटवलेला एक लांब कागद आहे, सुमारे ६० इंचांचा. ४०० डीपीआयला त्याची उंची २४,००० पिक्सेल होते आणि वेबपीची मर्यादा दोन्ही बाजूंना १६,३८३ आहे, त्यामुळे फाइल तयारच होईना. जेपेग ६५,५३५ पर्यंत जाते. तरीही एवढे चित्र एका फाइलीत देणे फोनला झेपणारे नाही. या कागदाचे नकाशासारखे तुकडे पाडून, वाचक जिथे पाहत असेल तेवढेच उतरेल अशी सोय करायची.

दिवाळीनंतर ॲनिमेशनला हात घालू.

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

पहिला प्रयोग साहजिकच जिफचा. कॉम्प्युसर्व्हने १९८७ साली हा फॉरमॅट आणला. १९८९ च्या आवृत्तीत चित्रांमधला विलंब आणि पारदर्शकता आली, आणि चित्र पुन्हापुन्हा फिरत राहण्याची खूण नेटस्केपच्या ब्राउझरने नंतर जोडली. एलझेडडब्ल्यूच्या पेटंटवरून १९९४ च्या अखेरीस वाद उठला नसता तर पीएनजी जन्मालाच आले नसते. ते पेटंट अमेरिकेत २००३ साली संपले. एवढी वर्षे उलटूनही जिफ जिथे दिसणार नाही अशी जागा सापडणे कठीण, आणि त्याची ही ताकद मान्यच करायला हवी.

आमचे नमुना चित्र ४८० गुणिले ४८० पिक्सेलचे असून त्यात ६० चौकटी, म्हणजे एकामागोमाग दिसणारी स्थिर चित्रे, आहेत. पिक्सेलला १ बाइट, म्हणजे चौकटीला २,३०,४०० बाइट या हिशेबाने कच्ची माहिती १३.८ एमबी होते. प्रत्यक्षात जिफमध्ये आधीच्या चौकटीपेक्षा जेवढा आयत बदलला तेवढाच साठवता येतो, आणि बोरू एका वेळी थोडाच पुढे सरकतो, त्यामुळे फाइल खूप लहान झाली. जिफच्या २५६ रंगांच्या मर्यादेचाही इथे त्रास नाही.

त्रास दोन ठिकाणी झाला. चित्रकाराला शिरोरेषा झपकन ओढली जाताना दाखवायची होती, म्हणून त्याने विलंब १ ठेवला, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. ब्राउझरमध्ये ती रेघ उलट सर्वांत संथ चालली, कारण २ पेक्षा कमी विलंब दिसला की बहुतेक ब्राउझर तो १० धरतात. शिवाय विलंब शतांशात मोजत असल्याने सेकंदाला २४ चौकटी ही चाल जिफमध्ये नेमकी बसत नाही. २५ मात्र बसते, प्रत्येकी ४ शतांश.

दुसरा त्रास कडांचा. जिफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक असतो किंवा पूर्ण भरलेला. वळणाची कड मऊ दिसावी म्हणून जे अर्धवट पिक्सेल असतात, ते पांढऱ्यावर मिसळून पक्के करावे लागले. संकेतस्थळाच्या फिकट पिवळ्या पार्श्वभूमीवर हे कसेबसे चालले. फोन रात्रीच्या काळ्या पडद्यावर नेला तेव्हा प्रत्येक वळणाभोवती खडूने गिरवल्यासारखी पांढरी किनार उजळली. नवशिक्याला ती किनार अक्षराचाच भाग वाटण्याचा धोका आहे.

२९ ऑक्टोबर २०२५, बुधवार

एपीएनजीने, म्हणजे पीएनजीच्या हलत्या रूपाने, किनार गेली. पीएनजीसारखीच पूर्ण पारदर्शकता प्रत्येक चौकटीत असते आणि विलंब अपूर्णांकात लिहिता येतो, म्हणजे १/२४ सेकंद हवे तर तेवढेच मिळते. मोझिलाच्या मंडळींनी २००४ साली मांडलेली ही जोड पीएनजीच्या गटाने २००७ साली मतदानात नाकारली होती. तरी ब्राउझरांनी एकेक करून ती स्वीकारली आणि जून २०२५ मध्ये पीएनजीच्या तिसऱ्या आवृत्तीत तिला अधिकृत जागा मिळाली. इतकी साधी आणि उपयुक्त गोष्ट मानकात यायला एवढा काळ लागावा याचे वाईट वाटते, पण आता ती निर्धास्त वापरता येईल.

एपीएनजीची सर्वांत आवडलेली सोय अशी: ज्या सॉफ्टवेअरला ॲनिमेशन समजत नाही, ते फाइलीतील मूळ स्थिर चित्र दाखवते, आणि हे चित्र ॲनिमेशनचा भाग असलेच पाहिजे असे नाही. आमची पहिली चौकट म्हणजे कोरी शिरोरेषा. ती स्थिर चित्र म्हणून राहिली असती तर जुन्या साधनावर विद्यार्थ्याला रिकामी रेघ दिसली असती. आता तिथे पूर्ण अक्षर ठेवले आहे. ॲनिमेशन चालले तर कोऱ्या रेघेपासून सुरू होते, न चालले तर तक्त्यातले अक्षर मिळते.

३१ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

हलते वेबपी, लॉसलेस म्हणजे हानी न करणाऱ्या पर्यायासह, आमच्या नमुन्यांत एपीएनजीहून लहान झाले आणि कडाही तितक्याच स्वच्छ राहिल्या. हानी करणारा पर्याय वापरला तर वळणाच्या टोकाला धूसर धग दिसते, म्हणून तो बाद. आज एवढेच.

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आतापर्यंतच्या सर्व पर्यायांत चित्र पिक्सेलचे होते. एसव्हीजीत अक्षर रेषांच्या वर्णनाने लिहिले जाते, त्यामुळे फोनपासून वर्गातल्या प्रोजेक्टरपर्यंत कड कुठेही फाटत नाही आणि फाइल मजकुराची असल्याने अगदी हलकी असते. रेघ लिहिली जात असल्याचा आभास तुटक रेघेच्या गुणधर्मातून होतो. तुटक रेघेचा तुकडा आणि मधली मोकळी जागा दोन्ही पूर्ण रेघेच्या लांबीइतके ठेवायचे आणि तो तुकडा हळूहळू आत सरकवत आणायचा.

पण बोरूची रेघ एकाच जाडीची नसते. कापलेल्या टोकामुळे ती एका दिशेला जाड आणि दुसऱ्या दिशेला बारीक उमटते, आणि एसव्हीजीतील साधी रेघ मात्र सर्वत्र सारखीच जाड असते. त्यावर उपाय म्हणून अक्षराचा खरा बाह्याकार तसाच ठेवला, त्यावर आवरण घातले, आणि मधोमध जाणारी एक जाड अदृश्य रेघ जशी पुढे सरकेल तसे आवरण उघडत नेले. जोडाक्षरे नसलेल्या सोप्या अक्षरांत हे सुरेख जमले.

जिथे हात स्वतःच्याच रेघेवरून परत येतो तिथे घात झाला. गाठीजवळ जाड अदृश्य रेघ शेजारच्या फटकाऱ्यावरही पडते आणि बोरू तिथे पोचण्याआधीच पुढच्या वळणाची एक चकती उघडी पडते. मोडी हात न उचलता लिहितात, म्हणून असे ओलांडे तिच्यात जागोजागी आहेत. शेवटी अक्षराचे दोन किंवा तीन तुकडे करून प्रत्येकाला स्वतंत्र आवरण दिले आणि ते एकामागोमाग उघडले. काम वाढले, पण आता बाईंना वळणाचा क्रम बिनचूक दिसतो.

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

बाईंनी चार विद्यार्थ्यांसमोर जिफ, एपीएनजी आणि एसव्हीजी ही तिन्ही रूपे चालवून पाहिली. फाइलीचा आकार किंवा कडा यांविषयी कोणी काही बोलले नाही. चौघांनीही एकच मागणी केली की, मध्येच थांबवता आले पाहिजे. हात गाठीत शिरतो त्या क्षणी थांबून, आपल्या वहीत तेवढेच काढून, मग पुढे जायचे असते. पानात साधे चित्र म्हणून ठेवलेल्या जिफ, एपीएनजी किंवा वेबपीला ब्राउझर सहसा स्वतःहून थांबवण्याची कळ देत नाही. एसव्हीजी पानातच लिहिले तर त्याखाली सरकती पट्टी देता येते आणि बोरू बोटाने मागेपुढे नेता येतो.

सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या निकषांतही आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांपेक्षा जास्त काळ हलत राहणारी गोष्ट थांबवण्याची सोय असावी, असे सांगितले आहे. ज्यांनी आपल्या फोनवर हालचाल कमी ठेवण्याचा पर्याय निवडला आहे त्यांना पूर्ण अक्षराचे स्थिर चित्रच दाखवायचे.

बाईंची आणखी एक सूचना लगेच अमलात आणली. शेवटच्या चौकटीनंतर चित्र लगेच पहिल्यापासून सुरू होत असे आणि त्यामुळे हात उचलून पुन्हा डावीकडे नेल्याचा भास होई. आता अक्षर पूर्ण झाल्यावर ते २ सेकंद स्थिर राहते.

बोरू धरलेल्या हाताचे प्रत्यक्ष चित्रण मात्र व्हिडिओच राहील. त्याचे जिफ करून पाहिले, तर कातडीच्या छटा २५६ रंगांत बसवताना ठिपक्यांची रांगोळी झाली, त्या ठिपक्यांमुळे कॉम्प्रेशनही बिघडले आणि फाइल एच-२६४ पद्धतीच्या एमपी-४ व्हिडिओच्या अनेक पट झाली.

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

निर्णय लिहून सर्वांना दिले. कागदांची मूळ प्रत लॉसलेस टिफ, सोबत प्रत्येक फाइलीची चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही हे तपासण्याचा आकडा. वाचकासाठी एव्हीआयएफ, आणि जुन्या ब्राउझरसाठी त्याच पानाचे उच्च गुणवत्तेचे जेपेग. खुणा केलेली पाने आणि तक्ते पीएनजी. अक्षरवळण सरकत्या पट्टीसह एसव्हीजी. संकेतस्थळाबाहेर, सादरीकरणात किंवा निरोपातून पाठवण्यासाठी त्याचेच एपीएनजी. जिफ फक्त कोणी मागितले तर, आणि तेही पारदर्शकता न वापरता फिकट पिवळ्या पार्श्वभूमीसह. जेपेग एक्सएल हा नवा फॉरमॅट जुन्या जेपेग फाइली कोणतीही नवी हानी न करता लहान करू शकते, त्यामुळे सीडीवरच्या प्रतींसाठी ते मनात आहे. सर्व प्रमुख ब्राउझर ते दाखवू लागेपर्यंत थांबायचे.

चित्रकाराकडे अजून सात अक्षरांचे तुकडे करायचे बाकी आहेत. बाई उद्या मूळ कागद घेऊन येणार आहेत. शाई संपत आलेली ती शेवटची ओळ ६०० डीपीआयला पुन्हा स्कॅन करायची आहे.